तीन दहाची पाळी

रात्री तीन दहाला आमची पाळी.
चाळीस मिनिटं. पाण्याच्या वहीत नाव बापाचं:
आनिसेतो आयाविरे.
हेरेच्या घळीतून पाट येतो टोकोनावात,
आणि ज्याची पाळी त्यानं
फावडं घेऊन दारं धरायचं.
नाही धरलं, तर पाणी वाट बघत नाही.
पुढच्यांच्या अंजिरांना जातं.

मी आठ दिवस डोंगरावर, सहा दिवस घरी.
आज डोंगरावर.
माझ्या बोटांखाली आठ मीटरचा आरसा
आणि शेजारी यार्को, फिनलंडचा,
बूट काढून बसलेला,
एकाच ताऱ्याकडे तीन रात्री बघून आंबलेला.
तारा तसा तान्हाच. वीस लाख वर्षांचा.
भोवती वायूची आणि धुळीची चकती,
जेवण अजून उरकलेलं नाही.

बापाला मी एकदा सांगितलं होतं
अंगणात लसूण सोलताना:
ताता, पडणं इतकं सोपं नसतं.
वायूला फिरायची खोड,
आणि फिरतोय तोवर तो पडत नाही.
ते फिरणं कुणाला तरी देऊन टाकावं लागतं,
बाहेर सुटणाऱ्या वाऱ्याला, मागच्या वायूला,
तेव्हा कुठे आत सरकता येतं, तसूभर.
आणि पार काठाशी पोचला
की ताऱ्याचं चुंबक त्याला धरतं, पाटात घालतं.
तो पाट आधी वर चढतो, कमानीसारखा,
मग थेट ताऱ्याच्या टाळूवर.

"चढतो?" बाप म्हणाला.
"पाणी चढत नाही."
पाणी नाही, वायू.
"असेल. पण दारं कोण धरतं तिथं?"
मी लसणाची सालं फुंकली.

अडीचला विल्मेरचा फोन. कालामाला ट्रक बंद पडलाय,
ताताचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय,
तूच सांग कुणाला तरी.
या वेळी कुणाला?
दोन्या एदुविखेस कानातलं यंत्र काढून झोपते.
तरी लावला. वाजत राहिला.

आणि तीनला दहा कमी असताना
यार्को उभा राहिला. त्याचा माते टेबलावर सांडला
आणि दोघांपैकी कुणीच तो पुसला नाही.
हायड्रोजनची रेष फुगली होती,
तिच्या लाल अंगाला एक खाच:
आमच्यापासून दूर, ताऱ्याकडे कोसळणारा वायू,
सेकंदाला तीनशे किलोमीटर.
टोकोनाव ते आंतोफागास्ता, जवळजवळ.
बसला पाच तास लागतात,
आणि वाटेत कोंडक्टर शेरडासारखा खोकतो.

काल हा तारा चार वर्षांत एखादा चंद्र गिळायचा.
आज पंधरवड्याला एक.
"हलवू नकोस," यार्को म्हणाला, "हलवू नकोस,"
जसं काही मीच दारं धरून उभी होते.

तीन दहा झाले.
तीन वीस.
पडद्यावर आकडे चढत होते
आणि मला पाटातलं पाणी ऐकू येत होतं,
आमच्या दगडापाशी थोडं अडखळणारं,
मग पुढे जाणारं.
हा उजेड निघाला पाचशे वर्षांपूर्वी.
तेव्हा हेरेच्या पाण्याला वही नव्हती.
पाळी असेल. भांडणंही असतील.

सात वाजता बापाचा फोन.
गेला होता. काठी आणि फावडं, दोन्ही घेऊन.
पोचेपर्यंत साडेतीन.
नासपतीला मिळालं, जर्दाळूला नाही,
आणि फळी बसवताना घोट्यापर्यंत गारठला.
मी ओरडले. तो गप्प.
मग म्हणाला, "तुझ्याकडे आलं का?"
आलं, ताता. लोंढाच आला.
"कुणी सोडलं?"
नाही कळलं.
त्याला हे पटलेलं दिसलं.
पाणी सोडणाऱ्याचं नाव आमच्याकडेही
बऱ्याचदा कळत नाही.

"येताना टॉर्चचे सेल आण," म्हणाला,
"मोठे. बारके चालत नाहीत."